आधी बोला, सुई शेवटी

परवा आमच्या हिचं रक्त न्यायला जो माणूस आला होता, त्याने पायातले बूट काढले नाहीत आणि काही विचारलंही नाही. पडवीत बसला, दंडाला रबर बांधलं, सुई घातली, बाटलीवर चिठ्ठी चिकटवली आणि मोटरसायकल चालू केली. सगळं मिळून एक विडी ओढून होईल एवढा वेळ. ही कापूस दाबून बसली होती. म्हणाली, "अवो, खाल्लं काय ता ह्यानं इचारलंच नाय." मी म्हटलं, "नाय." दोघांच्याही डोळ्यांपुढे नेवरेकर बाई उभ्या राहिल्या होत्या.

मी चौथीपर्यंत शिकलो आणि पुढची चाळीस वर्षं होडीवर काढली, त्यातली वीस तांडेल, म्हणजे होडीचा म्होरक्या म्हणून. लिहिणं माझं काम नव्हे. पण बाईंबद्दल दुसरं कुणी लिहील असं वाटत नाही, आणि लिहिलं तर चुकीचं लिहील.

आमच्या पूर्णगडात एसटीच्या थांब्यासमोर बाईंची एक खोली होती. एक टेबल, दोन खुर्च्या, एक बुटका फ्रीज, आणि जिथे दुसरा कुणी देवाचा फोटो लावील तिथे घड्याळ. रत्नागिरीच्या एका दवाखान्यात रक्त तपासण्यात त्यांची उमर गेली होती. निवृत्त झाल्यावर इथे आल्या. इथेच का, हे विचारायची कुणाची छाती झाली नाही. खोलीत तपासणी व्हायची नाही, फक्त रक्त काढायचं. ते निळ्या डब्यात बर्फावर ठेवून बाई साडेआठच्या गाडीने स्वतः रत्नागिरीला न्यायच्या आणि चारच्या गाडीने रिपोर्ट घेऊन उतरायच्या.

बाई दिसायला किडकिडीत, पाठ मात्र डोलकाठीसारखी ताठ. उजव्या मनगटाला पुरुषी घड्याळ, तेही तबकडी आतल्या बाजूला करून. नाडी धरली की मान वळवावी लागू नये म्हणून. शीर शोधताना डोळे मिटून घ्यायच्या. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटायचं, झोप लागली की काय बाईला. बोट दंडावर फिरत फिरत एका जागी थांबायचं, आणि मग डोळे उघडायचे.

पण सुई लगेच नाही. टेबलावर एक लांबडी वही असे. तिच्यात नाव, वय आणि तिसरा रकाना बाईंनी स्वतःच्या हाताने आखलेला: काय खाल्लं. काल रात्री काय, आज सकाळी काय, कुठली गोळी, कुठला काढा, कुणी दिलेला अंगारा पोटात गेला का. लोक कंटाळायचे. कुणी म्हणे, "बाई, रक्त काढताय की सोयरीक जुळवताय?" बाईंचं उत्तर ठरलेलं. "सुई शेवटी. आधी बोला."

पंचायतीतला एक वजनदार माणूस साखर तपासायला आला होता. नाव लिहीत नाही, हयात आहे. मी तिथेच बाकड्यावर बसलो होतो.

"उपाशी?"

"कडकडीत."

"मग मिशीवर साय कुठून आली?"

त्याने मिशी पुसली. "अर्धा कप, बाई. अर्ध्या कपाने काय होतंय?"

"घरी जा. उद्या या."

"अहो, मी कोण, ठाऊक आहे ना तुम्हाला?"

"तुम्ही कोण ते मला ठाऊक आहे. रक्ताला ठाऊक नाही." आणि वही मिटली. मग तो पायरी उतरताना मागून म्हणाल्या, "रक्त खरं बोलतं हो, पण अर्धंच बोलतं. उरलेलं अर्धं माणसाने सांगायचं असतं." तो दुसऱ्या दिवशी आला, मिशी काढून. गावात आठवडाभर दुसरा विषय नव्हता.

माझ्या होडीवर एक खलाशी होता, सहा फुटी, मोरी, म्हणजे शार्क मासा, नुसत्या हाताने ओढून आत घेणारा. सुई बघितली आणि भिंतीला टेकून खाली बसला तो उठेना. बाईंनी पर्समधून आलेपाकाची वडी काढून त्याच्या तोंडात घातली. "काय रे, मोरीला दात किती?"

"लय, बाई."

"आणि हिला?"

"एकच."

"मग?" तो हसला, तोवर रक्त काढून झालंही होतं.

आणि तो निळा डबा. गाडीत कितीही गर्दी असो, बाई तो वर फळीवर ठेवू द्यायच्या नाहीत, खाली पायाशी नाही, शेजारच्या मांडीवर नाही. स्वतःच्या मांडीवर, दोन्ही हात वर. एकदा नवीन कंडक्टर म्हणाला, "आजी, मासळी असेल तर मागे बसा, वास येतो." बाई म्हणाल्या, "मासळी नाही, रक्त आहे. सोळा जणांचं." शेजारचे दोघं उठून उभेच राहिले. बाई खिडकीकडे सरकल्या आणि ऐसपैस बसल्या. पुढे तो कंडक्टर बाई चढल्याशिवाय घंटी मारत नसे.

आता आमच्या घरातली गोष्ट सांगतो. ती सांगितल्याशिवाय बाई पुऱ्या कळायच्या नाहीत.

हिच्या गळ्यात लग्नाच्या आधीपासून सुपारीएवढी गाठ. कधी दुखली नाही, कधी वाढली नाही, म्हणून कुणी लक्ष दिलं नाही. दिवाळीनंतर ही वाळायला लागली. भात दोन वेळा मागून घ्यायची तरी वाळायची. थंडीच्या दिवसांत घामाने पदर ओला. मनगटावरच्या बांगड्या कोपरापर्यंत जायला लागल्या. मासळी कापताना सुरी थरथरायची. जिना चढली की छातीत इंजिन चालल्यासारखं व्हायचं, शेजारी बसलं तर मला ते दिसायचं, मानेपाशी, कातडीखाली. शेजारणी गाठीकडे बघायच्या आणि माझ्याकडे बघायच्या. कॅन्सर हा शब्द कुणी उच्चारला नाही. पण घरात तो पाटावर येऊन बसला होता.

बाईंनी रक्त काढायच्या आधी हिला दोन्ही हात पुढे करायला लावले, बोटं सरळ. पर्समधून एसटीचं जुनं तिकीट काढून बोटांवर आडवं ठेवलं. ते जाळ्यात अडकलेल्या मासळीसारखं फडफडलं आणि खाली पडलं. बाईंनी तिकीट उचलून परत पर्समध्ये ठेवलं.

"सुलूवैनी, काय खाता?"

"सगळंच खाते वो."

"औषध? काढा? कुणी काही दिलं?"

"नाय."

मी शेजारीच होतो. मीही म्हटलं, नाही. खोटं बोलत नव्हतो. मला खरंच तसं वाटत होतं.

रिपोर्ट आला. थायरॉईड भडकलेला. रत्नागिरीच्या डॉक्टरांनी धडधड कमी करायची गोळी दिली आणि म्हणाले, "अंगात आयोडीन जास्त जात असेल तरी असं होतं, गळ्यात जुनी गाठ असली की जास्तच. बाहेरून आयोडीनचं काही घेत असाल तर बंद करा. सहा आठवड्यांनी परत तपासू." आयोडीन म्हणजे काय हे मला पक्कं ठाऊक होतं. पिशवीतल्या मिठात कंपनी घालते ते. टीव्हीवर बघितलेलं. घरी आलो आणि पिशवीचं मीठ उकिरड्यावर ओतलं. मिठागरातलं खडं मीठ आणलं. बायकोसाठी काहीतरी केलं, असं बरं वाटलं.

सहा आठवड्यांनी रिपोर्ट आला, तो आधीपेक्षा वाईट.

ते दिवस मला नीट आठवतात, कारण मी दुसरं काही करतच नव्हतो. पडवीत बसून हिच्या बांगड्या बघायचो. आज कोपराच्या किती खाली थांबल्या, उद्या किती. चारच्या गाडीचा आवाज आला की उठून अंगणात जायचो, त्या गाडीत आमचं काही नसलं तरी. डॉक्टर म्हणाले, आता कोल्हापूरला जा. तिथे गाठीचा फोटो काढतील, किरणांचं औषध देऊन. मग ठरेल, औषधाने गाठ जाळायची की कापायची. आठ दिवसांनंतरची वेळ मिळाली. त्याआधी एकदा रक्त द्यायचं होतं. हिला थांब्यापर्यंत चालवत नव्हतं, म्हणून बाई घरी आल्या.

मी त्यांना विचारलं, "बाई, वाचेल ना ही?"

"ते मला विचारू नका, तांडेल. मला शीर कळते. पुढचं कळत नाही."

"काळजी वाटते हो."

"वाटणारच. काळजी करा, पण बसून करा. उभ्याने येरझारा घालून वैनींची धडधड वाढवू नका."

रक्त काढून झालं. ही म्हणाली, बाईंनी रिकाम्या पोटी जायचं नाही, पेज घेऊन जायची. बाईंनी घड्याळ बघितलं, साडेआठला अजून वेळ होता, बसल्या. मी आत गेलो आणि फडताळातली बरणी काढली. त्यातला भरगच्च चमचा बाईंच्या पेजेत ढवळला. कुणालाही देत नसे मी ते. पण बाईंनी आमच्यासाठी पायपीट केली होती.

बाईंनी एक घोट घेतला आणि थांबल्या. वाटी नाकाजवळ नेली.

"हे काय आहे?"

"ताकद," मी म्हटलं. "तुमची तब्येतही काटकुळी."

"तांडेल, हे काय आहे?"

मग मी सांगितलं, आणि खरं सांगायचं तर ऐटीत सांगितलं. खडकावरचं शेवाळ. मागे एक व्यापारी आंब्याच्या झाडांना घालायला सुकं शेवाळ विकत न्यायला आला होता. तो म्हणाला, परदेशात माणसं हे खातात, हाडं लोखंडासारखी होतात. हिचे गुडघे धरलेले. मी ओहोटीला स्वतः जाऊन खरवडून आणलं, गच्चीवर वाळवलं, मिक्सरला दळलं. गुडघ्यांना फरकही पडला होता थोडा. निदान मला तसं वाटत होतं.

बाईंनी वाटी खाली ठेवली. अगदी हळू.

"कधीपासून?"

"दिवाळीपासून."

"रोज?"

"न चुकता."

"किती?"

"आधी एक चमचा. डॉक्टरांनी आयोडीन बंद करा म्हटल्यावर दोन. मिठातलं बंद केलं ना, अशक्तपणा यायला नको."

बाई हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. म्हणाल्या, "तांडेल, मिठात कंपनी चिमूटभर आयोडीन घालते. ह्या शेवाळात समुद्राने मुठीने घातलंय. गळ्यातली ती गाठ उपाशी माणसासारखी आयुष्यभर बसलेली. तुम्ही तिच्यापुढे रोज पंगत वाढलीत."

मला आधी कळलंच नाही. आणि कळलं तेव्हा मी चिडलो. "तुम्ही विचारलंत तेव्हा औषध नाही म्हटलं, आणि औषध नव्हतंच! समुद्राने चाळीस वर्षं पोसलं मला. तो घात करायचा नाही."

"समुद्राने नाही केला. चमच्याने केला."

"म्हणजे मी बायकोला विष घातलं?"

"मी तसं म्हटलं नाही. तुम्ही म्हणताय." बाईंनी पिशवीतून दवाखान्याचा कागद काढला, त्याच्या पाठीवर रकाना आखला आणि वर लिहिलं: काय खाल्लं. पेन माझ्यापुढे धरलं. "लिहा. डॉक्टरांना जाईल. कोल्हापूरचा फोटो काढायच्या आधी जायला हवं. भरल्या पोटाच्या माणसापुढे ताट ठेवलं तर तो हात लावील का? तशी ती गाठ किरणांचं औषध घेणार नाही, फोटो कोरा येईल, आणि सगळे भलत्याच वाटेला लागतील."

"तुम्हीच लिहा."

"मी शेवाळ आणलं नाही. मी दळलं नाही."

मी उठलो आणि अंगणात जाऊन उभा राहिलो. त्या शेवाळाबद्दल मी बंदरावर सगळ्यांना सांगितलं होतं. चौघांना तर पुड्या बांधून दिल्या होत्या. आता हे कागदावर आलं की रत्नागिरीला कळणार, तिथून गावात येणार. थांब्यावरून गाडीचा हॉर्न आला. एकदा, मग परत एकदा. कंडक्टर बाईंची वाट बघत होता. मी मागे वळून बघितलं नाही. बाईंनी गाडी कधी चुकवली नव्हती, आता उठतीलच, मग सुटलो, असं वाटत होतं.

गाडी गेल्याचा आवाज आला. बाई पडवीत तशाच बसल्या होत्या, मांडीवर डबा.

"गाडी गेली, बाई."

"दुसरी आहे. बर्फ आहे. मी बसलेय."

तेवढ्यात आतून ही आली, भिंतीला धरत धरत. तिने सगळं ऐकलं होतं. मला वाटलं, आता शिव्या घालील, आणि घातल्या असत्या तर बरं झालं असतं. पण ती फक्त म्हणाली, "लिवा वो. मान माझी हाय."

मी बसलो आणि लिहिलं. अक्षर माझं वेडंवाकडं. बाईंनी शब्द सांगितला नाही की दुरुस्त केला नाही. 'समुद्राचं शेवाळ. दिवाळीपासून रोज. पहिला एक चमचा मग दोन. मी दिलं.' शेवटचे दोन शब्द कुणी लिहायला सांगितले नव्हते.

बाईंनी कागद वाचला, घडी करून डब्याच्या झाकणाला चिकटवला. आणि मग म्हणाल्या, "ज्यांना पुड्या दिल्यात, त्यांच्याकडे आजच जा. मी नाही जाणार." पुड्यांचं मी बोललोच नव्हतो. पण त्या गावाला ओळखत होत्या, मलाही. मी गेलो. चारही घरं. एकाने तोंडावर हसून घेतलं, ते ऐकून घेतलं.

डॉक्टरांचा त्याच संध्याकाळी फोन आला. कोल्हापूर तूर्त नको. लघवीतलं आयोडीन तपासायचं, ते मुंबईला जाईल. बाटली द्यायला बाई आल्या तेव्हा माझ्या अंगठ्याला जखम होती आणि तिच्यावर तपकिरी औषध लावलेलं. बाई ओरडल्याच, "त्या हाताने बाटलीला शिवू नका! त्यातही तेच आहे!" मी हात मागे बांधून उभा राहिलो, शाळेत उभा राहायचो तसा.

तो रिपोर्ट यायला बारा दिवस लागले. आयोडीन जिथपर्यंत असावं त्याच्या कितीतरी वर निघालं. आयुष्यात पहिल्यांदा वाईट रिपोर्ट बघून मला हायसं वाटलं. पण बाईंनी तेही टिकू दिलं नाही. "कारण सापडलं. बरं झालं नाही अजून. गाठीने साठवून ठेवलंय, ते निचरायला महिने लागतील. तोवर हृदयाकडे लक्ष. आणि निचरूनही उतरलं नाही, तर कोल्हापूर आहेच."

मग तीच तपश्चर्या. दर सहा आठवड्यांनी वही, रकाना, तिकीट, सुई. होळीला तिकीट पडलं. पाडव्यानंतर पडलं नाही, पण थरथरत राहिलं. बांगड्या कोपरावरून थोड्या खाली आल्या. आंब्याच्या दिवसांत रिपोर्ट जरा बरा, पुढच्या वेळी परत होता तिथेच. मी बाईंच्या तोंडाकडे बघून अंदाज बांधायचो आणि बाई तोंड असं ठेवायच्या की अंदाज बांधता येऊ नये.

गणपतीच्या आधी बाईंनी सांगितलं, खोली बंद करतेय. दापोलीला भाचा आहे, त्याच्याकडे जाणार. आम्ही म्हटलं, का? "बोटांना शीर अजून कळते. पण बाटलीवरचं नाव वाचता येत नाही. नाव चुकलं की माणूस चुकतो."

शेवटच्या दिवशी शेवटचं रक्त हिचं होतं. ही थांब्यापर्यंत आपल्या पायांनी चालत गेली. बाईंनी वही उघडली. वही डोळ्यांपासून वीतभर अंतरावर धरली होती, ते मी पहिल्यांदा बघितलं. "काय खाल्लं?" हिने सांगितलं, काल पेज आणि सुका जवळा, आज काही नाही. मग तिकीट. ते बोटांवर पडून राहिलं. बाईंनी मनातल्या मनात काही आकडे मोजले, आणि तिकीट तसंच होतं.

"म्हणजे बरी झाली?" मी विचारलं.

"तिकीट फसवतं. रक्त येऊ दे."

तो रिपोर्ट आठ दिवसांनी कंडक्टरच्या हाती आला, आणि चांगला आला. म्हणून तर ही आज पडवीत बसून वर्षाची तपासणी करून घेते. पण त्या सकाळी ते ठाऊक नव्हतं. बाई गाडीत चढल्या, खिडकीशी बसल्या. एक पत्र्याची पेटी कंडक्टरने वर ठेवली, तिला बाईंनी हरकत घेतली नाही. डबा मात्र मांडीवर, तो रत्नागिरीला देऊन मगच दापोलीची गाडी. मी खिडकीखाली उभा. काहीतरी बोलायचं ठरवून आलो होतो, ते आठवेना.

बाईच म्हणाल्या, "तांडेल, तुम्ही काय खाल्लंत आज?"

"चहा. दोन बटर."

"खरं?"

"तीन."

त्यांनी मान हलवली, रकान्यात लिहून घेतल्यासारखी. घंटी झाली. थांब्याच्या पुढे रस्त्याला मोठा उंचवटा आहे, तिथे गाडी आदळली आणि आतली सगळी माणसं हातभर वर उडाली. कुणी दांडी धरली, कुणी पुढची सीट धरली. बाईंनी काहीच धरलं नाही. त्यांचे दोन्ही हात डब्यावर होते, आणि डब्यात आमच्या हिचं रक्त होतं.